आधी कारण, मग दुरुस्ती

बाळ, नरपडमध्येच राहून संगणक दुरुस्तीचं काम करायचं तू ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. चिकूच्या व्यापाऱ्याचे हिशेब, स्टुडिओवाल्याकडची लग्नं, आश्रमशाळेचे निकाल, सेवा केंद्रातले दाखले, मच्छीमार सोसायटीची खाती, सगळं आता आपल्या डहाणू-तलासरीत हार्डडिस्कवर आहे. त्यातलं काही उघडेनासं झालं की माणूस तुझ्याकडे येईल आणि म्हणेल, "डिस्क करप्ट झालीय, फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या." त्याला लगेच हो म्हणू नकोस. करप्ट होणं हा परिणाम असतो. कारण न शोधता परिणाम पुसलास, तर तेच कारण नव्या विंडोजलाही खाईल, आणि तोवर जुना डेटा तुझ्याच हातून गेलेला असेल.

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कचा सातबारा समज. जमीन जागच्या जागी असते; कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कुठे आहे आणि कोणती जागा मोकळी आहे, याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते. नोंद बिघडली की असलेली जमीनही सापडत नाही. म्हणून ड्राइव्ह 'रॉ' दिसला किंवा विंडोजने "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं, तरी डेटा गेला असं समजू नकोस. ही नोंद मला वाचता येत नाही, एवढंच विंडोज सांगत असते. बिट-लॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क ते न ओळखणाऱ्या जुन्या मशीनला लावली, तरी ती अशीच अनोळखी दिसते.

पहिल्यांदा हात आवर

बिघडलेल्या डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ द्यायचं नाही. चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवलं की ते नोंदी बदलतं, अर्धवट दिसणारे तुकडे कापून बाजूला टाकतं. त्याला नोंद सुसंगत करायची असते. तुझ्या गिऱ्हाइकाचा हिशेब वाचवणं हे त्याचं काम नव्हे. आधी बिनापर्यायाचं चेकडिस्क चालव, ते फक्त वाचतं. लिनक्सवर एफएससीकेला 'एन' लाव, म्हणजे तेही फक्त वाचेल. एक बारकावा ध्यानात ठेव: लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाइल सिस्टिमची डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून जोडली तरी जोडताना ती आपलं जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची टिपणवही, चालवते आणि डिस्कवर लिहिते. ते टाळायचं तर 'नोलोड' सांगावं लागतं.

मग ती डिस्क तुझ्या खात्रीच्या मशीनला लाव, ते लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू कर आणि डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारा भाग मागे ठेवतो आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये लिहून ठेवतो. वीज गेली तरी काम तिथून पुढे चालू करता येतं. पुढचे सगळे प्रयोग या प्रतीवर.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर प्रतीचाही हट्ट धरू नकोस. वीज काढ आणि मालकाला सांग की ही प्रयोगशाळेत उघडायची गोष्ट आहे. आपल्या टेबलावर डिस्कचं झाकण कधीही काढायचं नाही. एसएसडीवर चुकून पुसलेलं परत हवं असेल तर ताबडतोब बंद कर, कारण ट्रिम चालू असली की पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करत जाते.

मशीनच्या आधी माणसाला विचार

शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय झालं? लाइट गेली होती का? मशीन हलवलं का? नवी रॅम, नवी केबल, कोणाचा पेनड्राइव्ह लावला होता का? मोबाइलचं कार्ड घातलं होतं का? माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिही. "काल संध्याकाळपासून मशीन हळू झालं होतं" या एका वाक्यात अर्धं निदान असतं, कारण करप्ट होण्याआधी हळू होणं बहुतेकदा डिस्ककडे किंवा केबलकडे बोट दाखवतं. विचारताना रागावू नकोस. रागावलीस की माणूस पाडलेली डिस्क पडली नाही म्हणून सांगतो.

कोणत्या फाइली बिघडल्या ते बघ

माझ्या कामातला हा सगळ्यात उपयोगी कानमंत्र आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बिघडलेल्या फाइली अगदी ताज्या असतील, लाइट गेली तेव्हा उघड्या असलेल्या, तर पहिला संशय अचानक वीज जाण्यावर किंवा पेनड्राइव्ह ओढून काढण्यावर. लिहायचं अर्धं राहिलं, फाइल शून्य आकाराची झाली किंवा आत नुसती शून्यं भरली.

महिनोन् महिने कोणी हात न लावलेल्या जुन्या फाइली बिघडल्या असतील, तर एकट्या वीज जाण्याला दोष देऊ नकोस. तिथे डिस्कचा पृष्ठभाग, रॅम किंवा कंट्रोलर तपास. याला अपवाद स्वस्त एसएसडीचा. कोणता डेटा कोणत्या चिपमध्ये आहे याचा तक्ता ती स्वतःकडे ठेवते. तो लिहीत असताना वीज गेली तर जुना डेटाही सापडत नाही. महागड्या सर्व्हर-एसएसडीत याचसाठी कॅपॅसिटर बसवलेले असतात.

सगळ्या फाइलींची नावं एकाच दिवशी बदलून शेवटी भलतंच शेपूट लागलं असेल, तर तो रॅन्समवेअर आहे. मशीन नेटवर्कवरून तोड. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर तो पेनड्राइव्हचा व्हायरस. मूळ फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात. दुसऱ्या मशीनवर फक्त मराठी मजकूर अगम्य दिसत असेल, तर बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र फॉन्ट नसलेल्या मशीनवर असंच दिसतं. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावांच्या बाबतीत हे हमखास होतं. तिथे फॉन्ट टाकायचा, डिस्कला हात लावायचा नाही.

जर्नल असताना ताज्या फाइली का बिघडतात, हे लोक विचारतील. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलं, लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये एक्स्ट-थ्री २००१ मध्ये आलं. दोन्हींत जर्नल आहे. पण नेहमीच्या मांडणीत जर्नल नोंदीची राखण करतं, फाइलीतल्या मजकुराची नाही. २००९ मध्ये एक्स्ट-फोर नवं असताना मशीन अचानक बंद पडल्यावर लोकांच्या फाइली शून्य आकाराच्या होऊ लागल्या, कारण मजकूर डिस्कवर लिहिणं ते मुद्दाम पुढे ढकलत होतं. एक्स्ट-फोर सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांनी त्याचं कारण समजावून सांगितलं आणि नेहमीच्या प्रसंगांत मजकूर आधी लिहिला जाईल असे बदल कर्नेलमध्ये केले. नोंद शाबूत आणि मजकूर गायब, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

काय आधी घडलं ते बघ

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमची नोंदवही उघड. क्रमांक ४१ आणि ६००८ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. क्रमांक ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक. १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ५५ म्हणजे एनटीएफएसची रचना बिघडलेली सापडली. या आकड्यांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा. ४१ नंतर लगेच ५५ असेल तर विजेवर संशय. आठवडाभर १५३ आणि १२९ आणि मग ५५, तर केबल, पोर्ट किंवा डिस्क. नुसते ५५ आणि बाकी सगळं स्वच्छ, तर रॅम तपास. लिनक्सवर हीच गोष्ट कर्नेलच्या नोंदींत सापडते: 'आय-ओ एरर' आधी आणि 'एक्स्ट-फोर एरर' नंतर असेल, तर फाइल सिस्टिम निर्दोष आहे.

स्मार्टचे आकडे वाच, त्यांवर विसंबू नकोस

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती स्मार्ट. क्रिस्टल-डिस्क-इन्फो किंवा लिनक्सवरचं स्मार्ट-मॉन-टूल्स उघडून तिचे आकडे बघ. 'चांगली' असा हिरवा शिक्का पाहून थांबू नकोस. क्रमांक ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेले, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे शून्याच्या वर गेले आणि वाढत राहिले तर डिस्क जाणार. १९९ हा आकडा वेगळा आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा चुकला की तो वाढतो, म्हणजे केबल किंवा पोर्ट. तो परत शून्य होत नाही. म्हणून आजचा आकडा वहीत लिही, केबल बदल आणि आठवड्याने पुन्हा बघ. थांबला असेल तर चोर सापडला. एनव्हीएमई एसएसडीत 'अनसेफ शटडाउन्स' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' हे दोन आकडे बघ.

गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. पहिली स्कॅन-चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, तशी चूक न दिसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य आकड्यांत आधी कसलीच सूचना दिली नव्हती. वाईट आकडा दिसला तर विश्वास ठेव. चांगला दिसला तर तपास चालू ठेव.

केबल, पोर्ट आणि आपला खारा वारा

नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात समुद्रावरून येणारा दमट खारा वारा धातूला सोडत नाही. साटाच्या पिना, रॅमच्या पट्टीचं सोनेरी टोक, यूएसबीचं तोंड, सगळ्यावर हळूहळू थर चढतो. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेलं मशीन सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी करप्ट झालं, तर आधी जोडण्या बघ. रॅम काढ, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पूस, वाळू दे, नीट बसव. साटाची केबल पुसत बसू नकोस, नवी लाव. बंद मशीनही पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालवायला सांग, म्हणजे आतला ओलावा निघून जातो.

बाहेरची यूएसबी डिस्क मधूनच गायब होत असेल, तर तिला पुरेशी वीज मिळत नाही असं आधी समज. पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये, मदरबोर्डवर थेट लाव. हब आणि लांब केबल काढून टाक. लिहिता लिहिता डिस्क गायब होणं हे तिच्यासाठी वीज जाण्यासारखंच.

वीज जाते त्यापेक्षा येते तेव्हा जप

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकलं, तेव्हा झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली. अशा वेळी वीज परत येताना पुन्हा पुन्हा जाते. मशीन सुरू होतं, जर्नल चालवून नोंद सावरायला घेतं आणि त्याच मिनिटाला पुन्हा बंद पडतं. म्हणून बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हे बंद ठेव. वीज स्थिर झाली की हाताने सुरू करायला सांग.

यूपीएस आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. त्याची बॅटरी जुनी झाली की तो दिवा दाखवतो आणि भार आला की मान टाकतो. चालू मशीनवर, काम जतन करून, भिंतीवरचं बटण बंद करून बघ. किती मिनिटं टिकतो ते लिहून ठेव. एसएमपीएसमधले कॅपॅसिटर फुगलेत का, तेही बघ. वीज भिंतीवर ठीक असून आत १२ व्होल्ट खाली येत असतील, तर डिस्क मधूनच बंद पडते आणि दोष मात्र विंडोजवर जातो.

रॅमला एक रात्र दे

रॅमची चूक सगळ्यात फसवी. डेटा डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जातो. तिथे एक बिट उलटला तर चुकलेला डेटा डिस्क इमानदारीने लिहून ठेवते, आणि स्मार्टचा एकही आकडा हलत नाही. गुगलच्या सर्व्हरवरच्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली. त्या सर्व्हरमध्ये चूक सुधारणारी ईसीसी रॅम होती. आपल्याकडच्या साध्या मशीनमध्ये ती नसते.

मेमटेस्ट रात्रभर चालव. एकही चूक दिसली तर पट्ट्या एकेक करून वेगवेगळ्या खाचांत तपास, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा ते कळेल. दुसरी कसोटी: रॅमपेक्षा मोठी फाइल घे आणि तिचा एसएचए-२५६ ठसा दोनदा काढ, मध्ये मशीन पुन्हा सुरू करून. दोन ठसे वेगळे आले तर वाचण्याच्या वाटेत, म्हणजे रॅम किंवा कंट्रोलरमध्ये, दोष आहे. दोन्ही सारखे पण मूळ फाइलीपेक्षा वेगळे, तर चुकीचं डिस्कवर पोचलं आहे. रॅमची खात्री होण्याआधी त्या मशीनवर दुरुस्ती किंवा प्रत, काहीही करायचं नाही. बिघडलेल्या रॅमच्या मशीनवर चालवलेली दुरुस्ती आणखी नासधूस करते. प्रत नेहमी तुझ्या खात्रीच्या मशीनवर घे.

स्वस्त पेनड्राइव्हची क्षमता मोज

बाजारात ५१२ जीबी लिहिलेला पेनड्राइव्ह फार स्वस्त मिळाला की समजावं. आत खरी जागा थोडीच असते. ती भरली की पुढचं लिहिलेलं हरवतं किंवा आधीच्यावर जाऊन बसतं, आणि नावं मात्र सगळी दिसत राहतात. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री ही साधनं पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतात. नवा पेनड्राइव्ह आणि नवं मेमरी कार्ड गिऱ्हाइकाला देण्याआधी असं तपासून दे. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

धक्क्यावर खापर फोडू नकोस

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसताहेत. काही ४ रिश्टरच्या पुढेही गेले. माणूस म्हणेल, "धक्क्यानेच डिस्क गेली." असू शकेल, पण पुरावा माग. मशीन टेबलावरून पडलं का? चालू डिस्क हातातून सुटली का? घाबरून बाहेर पळताना वायर ओढली गेली का, त्याच वेळी लाइट गेली का? मोठ्या घटनेजवळ घडलेलं सगळं त्या घटनेनेच घडलं असं मानण्याची आपल्याला सवय असते. तारीख आणि वेळ नोंदवहीशी ताडून बघ.

सॉफ्टवेअरही दोषी असतं, पण शेवटी बघ

डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.१.६४ या कर्नेलमध्ये एक्स्ट-फोरवरचा डेटा बिघडवणारी चूक निघाली आणि डेबियनने आपली १२.३ आवृत्ती थांबवली. असं होतं, पण क्वचित. नेहमी दिसेल ती दुसरी गोष्ट: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू, आणि लिनक्समधून त्याच एनटीएफएस भागावर लिहिलेलं. विंडोज खरं बंद झालेलं नसतं, त्याच्या डोक्यात जुनीच नोंद असते. परत आल्यावर ते ती नव्यावर लिहितं. फास्ट स्टार्टअप बंद कर, प्रश्न मिटतो.

एका वेळी एकच बदल

रॅम, केबल आणि एसएमपीएस एकदम बदललेस आणि मशीन चालू लागलं, तर काय बिघडलं होतं ते तुला कधीच कळणार नाही, आणि गिऱ्हाइकाने तिन्हींचे पैसे भरलेले असतील. एक बदल, एक चाचणी, वहीत एक ओळ. पावसाळ्यात आलेल्या मशीनची ही वही पुढच्या पावसाळ्यात तुझी सगळ्यात मोठी पुंजी होईल.

कारण सापडलं की मगच प्रतीवर दुरुस्ती कर, फाइली नव्या डिस्कवर काढ आणि मालकाला समोर बसवून त्यातल्या मोजक्या उघडून दाखव. जे मिळालं नाही तेही स्पष्ट सांग. बिघडलेली डिस्क स्वच्छ करून त्याच्या हिशेबासाठी पुन्हा वापरू देऊ नकोस. ज्याच्याकडे सालोसालचा डेटा आहे त्याला झेडएफएस किंवा बीटीआरएफएस सुचव. त्या प्रत्येक ब्लॉकचा ठसा ठेवतात आणि बिघाड गुपचूप राहू देत नाहीत. आणि प्रत्येकाला तीन प्रती ठेवायला सांग, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि कागद जळाले, तेव्हा दुसऱ्या जागी प्रत असण्याची किंमत अख्ख्या राज्याने पाहिली.

आपल्या गावच्या माणसाचा हिशेब, दाखला, फोटो तुझ्या टेबलावर येतो तो विश्वासाने. फॉरमॅट मारायला अर्धा तास लागतो, कारण शोधायला कधी दोन दिवस. ते दोन दिवस मागून घे, आणि कारण सांगता आल्याशिवाय मशीन परत देऊ नकोस.